डॉक्टरला फोन कोणी करायचा?

आमच्या फिल्डमध्ये रात्री सर्व्हर झोपला की सकाळी मीटिंग असते. काय झालं, का झालं, परत होऊ नये म्हणून काय करायचं. कोणाच्या नावाने शंख करायचा नाही हा नियम. (दर वेळी पाळतात असं नाही, पण आहे तरी!) डॉक्टरसमोर काही बिघडलं की मात्र थेट नोटीस येते.

मी हिंगोलीचा. शाळेतला एक मित्र आमच्याच जिल्ह्यात दवाखाना चालवतो. मध्यंतरी त्याच्यावर ग्राहक आयोगात तक्रार झाली. निकाल लागेल तेव्हा लागेल, पण वकिलाने सांगितलं, "केसबद्दल कोणाशी बोलू नका," आणि हा पठ्ठ्या घरातही बोलेनासा झाला. आता जरा अवघड केस दिसली की हात न लावता नांदेडला पाठवतो. म्हणजे त्याच्या भीतीची किंमत रस्त्यातला पेशंट मोजतो.

तक्रार करूच नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर अपघातात जखमी झालेला विशीतला मुलगा पुण्यात उपचार चालू असताना गेला. त्याचे वडील डॉ. गोडबोले स्वतः डॉक्टर, तरी ते कोर्टात गेले. ३,००० रुपये भरपाईविरुद्धचं सर्जनचं अपील सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्ये फेटाळलं. १९९५ च्या निकालाने तर डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले. हा हक्क राहायलाच हवा.

पण नुसत्या कायद्याने माणूस सावरत नाही. फौजदारी केस घेण्याआधी तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्या, ऊठसूट अटक करू नका, असं सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच सांगितलं होतं. तरीही मार्च २०२२ मध्ये राजस्थानात लालसोटला बाळंतीण रक्तस्रावाने दगावली, डॉ. अर्चना शर्मांवर थेट खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आत्महत्या केली.

शिकागोच्या मानसोपचारतज्ज्ञ सारा चार्ल्स यांच्यावर स्वतःवर केस झाली होती. त्या जिंकल्या आणि पुढे अशा डॉक्टरांच्या ताणाचाच त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या सांगण्याचं सार माझ्या शब्दांत: केसचे तपशील वकिलाजवळ बोला; पण भीती, राग, लाज, उडालेली झोप हे विश्वासाच्या माणसाजवळ बोललंच पाहिजे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वकिलाचा सल्ला पहिल्या गोष्टीपुरता असतो आणि डॉक्टर तो दुसरीलाही लावून बसतात.

म्हणून मला वाटतं, आयएमएच्या प्रत्येक शाखेत केस भोगून बाहेर पडलेले दोन-तीन सीनियर ठरलेले असावेत. नोटीस आली की चोवीस तासांत त्यांनी फोन करायचा. कागदपत्रांना हात लावू नकोस, खाडाखोड करू नकोस, जेवलास का, झोपलास का, एवढंच विचारायचं. झोप येतच नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. याला ना बजेट लागतं ना जीआर.

२०२४ मध्ये हिंगोलीत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथली पोरं उद्या सेनगाव, कळमनुरी, औंढ्याला दवाखाने टाकतील अशी आपली अपेक्षा आहे. त्यांना ॲनाटॉमीसोबत हेही कोणीतरी शिकवावं.

असो. तुमच्या ओळखीत असा कोणी डॉक्टर असेल तर केसचं काय झालं हे विचारू नका. चहाला बोलवा, तो बोलेल.