भीति आणि सायकल

वर्गशिक्षिकेच्या हातीं हजेरीपट हें एक मोठें बोलकें पुस्तक असतें. कोणाच्या घरीं आजार आहे, कोणाच्या शेतांत सुगी चालू आहे, कोणाचें मन अभ्यासावरून उडालें आहे, हें सर्व त्यांतील लहान लहान खुणांवरून कळूं लागतें. गेल्या वर्षीं माझ्या वर्गांतील एका विद्यार्थिनीच्या नांवापुढें उशिराच्या खुणा वाढूं लागल्या. मुलगी हुशार, घर शाळेपासून सुमारें ५ किलोमीटर, आणि घरीं मामानें घेऊन दिलेली चांगली सायकल. असें असतां ती पायीं येई व पहिला तास बहुधा बुडे. तिला बाजूस घेऊन विचारलें तेव्हां ती म्हणाली, "सायकल धड आहे, बाई, मलाच रस्त्याची भीति वाटते." एकदां मागून आलेल्या मालमोटारीनें अगदीं कानाशीं भोंगा वाजविला, ती दचकून कडेच्या वाळूंत गेली व पडली. लागलें फारसें नव्हतें. कोपर खरचटलें होतें इतकेंच. पण त्या दिवसापासून सायकल पडवींत पोत्याखालीं उभी होती, आणि घरचीं वडील माणसें म्हणूं लागलीं होतीं कीं, इतकी यातायात करून शिकण्यापेक्षां पोरीनें नववीनंतर घरीं बसलेलें बरें.

मीं तिला जें उत्तर दिलें त्याची आज मला लाज वाटते. "वेडी कुठली! अशा गोष्टीला भ्यायचें नसतें, धीर धरावा," असें म्हणून मीं हजेरीपट मिटला. ती क्षणभर घुटमळली आणि अगदीं निष्कपटपणें तिनें विचारलें, "बाई, मग तुम्ही सायकलीवर कां येत नाहीं?"

खरें उत्तर असें होतें कीं, मलाही भीति वाटत होती. वसतिगृहांत असतांना मी सायकल शिकलें होतें. परंतु सतराव्या वर्षीं बाजाराच्या रस्त्यावर एका उभ्या मोटारीचें दार एकाएकीं उघडलें, त्यावर मी आदळलें, आणि पुढें पंचवीस वर्षें सायकलीस हात लावला नाहीं. म्हणजे जें मला स्वतःला साधलें नव्हतें, त्याचा उपदेश मी एका चौदा वर्षांच्या मुलीस करीत होतें! त्या प्रसंगापासून जें शिकलें तेंच येथें मांडावयाचें आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, रस्त्याची भीति हा स्वभावाचा दोष नव्हे. ती शिक्षणांत राहिलेली उणीव आहे. ती उपदेशानें जात नाहीं, थट्टेनें तर मुळींच जात नाहीं. क्रमाक्रमानें केलेल्या सरावानेंच ती आटोक्यांत येते. आणि हा सराव करवून घेणें हें शाळेचें काम आहे.

सायकलीची भीति सायकलीइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकांत पुढचें चाक प्रचंड व मागचें अगदीं लहान अशी एक सायकल प्रचारांत होती. तिच्यावर बसणारा जमिनीपासून इतका उंच असे कीं, चाकाखालीं एखादा दगड आला तर तो डोक्यावरच खालीं येई. धीट तरुणांवांचून तिच्या वाटेस सहसा कोणी जात नसे. ही भीति धैर्यावरील व्याख्यानांनीं गेली नाहीं. १८८५ मध्यें इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ली यानें दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं असलेली व सांखळीनें मागचें चाक फिरविणारी 'रोव्हर' सायकल पुढें आणली. १८८८ मध्यें जॉन बॉइड डनलॉप यानें हवा भरलेल्या रबरी धांवेचें पेटंट घेतलें. या नव्या जातीच्या सायकलीला नांवच 'सेफ्टी' म्हणजे सुरक्षित असें पडलें, आणि मग स्त्रिया व प्रौढ माणसेंही तिच्यावर बसूं लागलीं. तात्पर्य, भीति घालविण्याचा पहिला उपाय माणसाचे पाय जमिनीजवळ आणणें हा ठरला.

त्या प्रौढ माणसांपैकीं एकीची हकीकत आम्हां शिक्षकांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेंतील मद्यपाननिषेधाच्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड (१८३९–१८९८) यांच्या आईचें १८९२ सालीं निधन झालें. मन व शरीर दोन्ही थकलेलीं असतां वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं या बाईंनीं सायकल शिकण्यास घेतली, आणि १८९५ मध्यें त्या अनुभवावर एक लहानसें पुस्तकही लिहिलें. रोज सरासरी पंधरा मिनिटें, असा सुमारें तीन महिने त्यांनीं सराव केला. प्रथम पाय मारणें, मग वळणें, मग उतरणें आणि सर्वांत शेवटीं चढणें, असा त्यांचा क्रम होता. चढण्याच्या आधीं उतरणें! वरवर पाहतां हा क्रम उलटा वाटतो. पण ज्याला वाटेल तेव्हां थांबतां येतें व उतरतां येतें, त्याची निम्मी भीति तेथेंच संपते.

दुसरें उदाहरण आपल्याच देशांतलें व आपल्याच काळांतलें आहे. तामिळनाडूंतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यांत १९९१ सालीं साक्षरतेची मोठी चळवळ सुरू झाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या प्रोत्साहनानें तिच्यांत स्त्रियांस सायकल शिकविण्याचाही समावेश झाला. शेतमजुरी करणाऱ्या, खाणींत दगड फोडणाऱ्या, परिचारिकेचें किंवा अंगणवाडीचें काम करणाऱ्या अशा हजारों स्त्रिया एकमेकींस धरून, पाडून, उठवून सायकल शिकल्या. एकटी स्त्री सायकलीवर निघाली तर हंसणारे पुष्कळ असतात. शंभर निघाल्या म्हणजे हंसणारेच बाजूस होऊन वाट देतात. पुढें २००६ सालीं बिहार सरकारनें नववींतील मुलींना सायकलीकरितां पैसे देण्यास आरंभ केला, आणि त्यामुळें माध्यमिक शाळेंत येणाऱ्या मुली वाढल्या असें अर्थशास्त्रज्ञांच्या पाहणींत दिसून आलें. सायकल ही कित्येक मुलींच्या बाबतींत शाळा व घर यांमधील दुवा आहे. तो दुवा एका भोंग्याच्या आवाजानें तुटूं द्यावा काय?

असा विचार करून मीं त्या मुलीपाशीं माझी भीति कबूल केली आणि आम्ही दोघींनीं मिळून पुन्हां आरंभ केला. शाळेमागच्या मैदानावर, शाळा सुटल्यावर, रोज वीस मिनिटें. पहिल्या आठवड्यांत बैठक खालीं घेतली, इतकी कीं दोन्ही तळवे जमिनीस टेकावे. आणि केवळ थांबण्याचा व उतरण्याचा सराव केला. दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू आवळावयाचे. घाबरून नुसता पुढचाच ब्रेक करकचून आवळला तर मागचें चाक उचलून माणूस पुढें फेंकला जाण्याचा संभव असतो. दुसऱ्या आठवड्यांत जमिनीवर फक्कीनें हातभर रुंदीचा पट्टा आंखून त्यांतून अगदीं सावकाश सायकल नेली. जलद जाण्यापेक्षां सावकाश जाणें कठीण, हें त्या वेळीं पुरतेपणीं कळलें. मग एक हात सोडून वळण्याची खूण करणें आणि चाक न ढळूं देतां उजव्या खांद्यावरून मागें पाहणें. याकरितां मी मागें उभी राहून बोटें वर करीं आणि तिनें किती बोटें तें सांगावें. नंतर तिनें बोटें दाखवावीं व मीं सांगावें. या खेळांत आणखी एक गोष्ट कळली. नजर जिकडे, चाक तिकडे. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यांतच जातो. मोकळ्या वाटेकडे पाहणारा वाटेनें जातो.

तिसऱ्या आठवड्यांत आमच्या चित्रकलेच्या सरांनीं साहाय्य केलें. ते मैदानावर आपली स्कूटर घेऊन आमच्या मागून येत व भोंगा वाजवीत; प्रथम दुरून, मग जवळून. पहिल्या दिवशीं मुलीचे हात कांपले, माझेही कांपले. आठवडा संपतां संपतां त्या आवाजानें आमचें चाक ढळेनासें झालें. भोंग्याचा कर्कशपणा मुळींच कमी झाला नव्हता. पण कान सरावले होते आणि काय करावयाचें तें हातांना ठाऊक झालें होतें. आत्मविश्वास म्हणतात तो मला वाटतें इतकाच असतो: भीतीच्या क्षणींही हातांना आपलें काम ठाऊक असणें.

चौथ्या आठवड्यांत आम्ही रस्त्यावर गेलों. आधीं गल्लींत, मग शनिवारीं पहांटे मोठ्या रस्त्यानें, तिचे वडील आपल्या सायकलीवर मागें. तत्पूर्वीं रस्त्याचें ज्ञान वर्गांत फळ्यावर शिकून घेतलें होतें. डाव्या बाजूनें जावें हें खरें, पण अगदीं गटाराच्या कांठानें जाऊं नये. तेथें वाळू, खड्डे व गटारांचीं झांकणें असतात, आणि तीं चुकवितांना एकाएकीं उजवीकडे सरावें लागतें. यास्तव कडेपासून दीड-दोन हात अंतर ठेवून सरळ रेषेंत जावें. उभ्या मोटारीपासून दार पुरें उघडेल इतकें अंतर ठेवावें; हा धडा माझ्या अंगावर लिहिलेला आहे. वळणाऱ्या मालमोटारीच्या किंवा बसच्या डाव्या बगलेंत कधीं शिरूं नये, कारण चालकास ती जागा दिसत नाहीं. डोक्यावर शिरस्त्राण आणि तिन्हीसांजेस पुढें पांढरा व मागें लाल दिवा असावा. गणिताच्या तासाला आम्हीं एक उदाहरणही सोडविलें. ताशीं १५ किलोमीटर वेगाची सायकल दर सेकंदास सुमारें ४ मीटर जाते. संकट पाहून बोटें ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद जातोच. तर पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवावें? असें उदाहरण मुलें विसरत नाहींत.

यावर पालक म्हणतील, "बाई, तुमचें म्हणणें ठीक; पण रस्ते खरोखरच धोक्याचे आहेत. पोरांना मुद्दाम संकटांत कां लोटतां?" हा आक्षेप खोटा नाहीं, आणि मी तो हंसण्यावारी नेणार नाहीं. भीति ही चांगली राखणदार आहे. तिला हांकलून देऊं नये. भरधांव मालमोटारींच्या हमरस्त्यावर लहान मुलांनीं सायकल नेऊंच नये, आणि गर्दीच्या चौकांत उतरून सायकल हातांत धरून रस्ता ओलांडण्यांत कसलाही कमीपणा नाहीं. परंतु राखणदारानें घरधन्यालाच कोंडून ठेवावें हें योग्य नव्हे. शिवाय ज्यास कांहींच शिकविलें नाहीं तें मूल सुरक्षित राहतें असें थोडेंच आहे? तें आज ना उद्यां रस्त्यावर येणारच. फक्त अशिक्षित येईल.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. खड्डे, अडवलेल्या पायवाटा आणि बेफाम वाहनें यांचा दोष मुलांच्या भित्रेपणाच्या माथीं मारणें हा अन्याय होय. आपण मोठ्यांनीं आपला वांटा उचलला पाहिजे. आमच्या शाळेच्या फाटकाशीं सकाळीं जे भोंगे वाजतात, ते कोणा परक्याचे नसतात; आपल्या मुलांना वेळेवर पोंचविण्याच्या घाईंत दुसऱ्यांच्या मुलांच्या अंगावर मोटार घालणारे आम्हीच असतों. फाटकापासून शंभर पावलांवर आपलें वाहन थांबवून मुलांना पायीं आंत सोडण्याचा निश्चय पालकांनीं व आम्हां शिक्षकांनीं केला, तर त्यास सरकारची मंजुरी लागत नाहीं कीं पैही खर्च होत नाहीं.

शाळेच्या चालकांपुढें माझी विनंति एवढीच आहे. वर्षारंभीं सहावीपासूनच्या प्रत्येक विद्यार्थ्यास व विद्यार्थिनीस चार शनिवार मैदानावर हे धडे द्यावे. फक्की, चार सायकली आणि दोन शिक्षक इतकें साहित्य पुरें आहे. ज्यांच्या घरीं सायकल नाहीं त्यांनाही शिकवावें. ज्या शिक्षकांना येत नाहीं त्यांनीं मुलांबरोबर शिकावें व मुलांसमोर पडावें. त्यानें आमची प्रतिष्ठा कमी होईल असें मला आतां वाटत नाहीं. आणि कोणी मूल "मला भीति वाटते" असें म्हणालें, तर त्यास "भिऊं नकोस" एवढेंच सांगून हजेरीपट मिटूं नये, "कशाची?" असें विचारावें. भोंग्याची, वळणाची, चौकाची, हंसणाऱ्या पोरांची, असें त्या भीतीला नांव मिळालें म्हणजे तिच्यावरचा धडाही सांपडतो.

ती मुलगी आतां दहावींत आहे. माझें भय समूळ गेलें असें मी म्हणणार नाहीं. अजूनही उभ्या मोटारीजवळून जातांना माझा श्वास अडतो, आणि मोठ्या चौकांत मी उतरूनच चालतें. कधीं कधीं तीही तेथें भेटते व उतरते. आम्ही दोघी सायकली हातांत धरून रस्ता ओलांडतों आणि पलीकडे जाऊन पुन्हां बसतों. बहुतेक वेळां तीच माझ्या आधीं शाळेंत पोंचते.