कँपियनवरील फिर्याद

१५६६ मध्ये एलिझाबेथ राणी ऑक्सफर्डला आली तेव्हा तिच्यासमोर वादसभेत बोलण्याचा मान ज्या तरुण पंडितास मिळाला आणि ज्याच्या वक्तृत्वावर लुब्ध होऊन अर्ल ऑफ लेस्टरसारखा वजनदार सरदार त्याचा आश्रयदाता झाला, तो लंडनच्या पुस्तकविक्रेत्याचा मुलगा एडमंड कँपियन पंधरा वर्षांनी त्याच राणीच्या अमदानीत टायबर्नच्या वधस्तंभावर चढला. मधल्या काळात राजमान्य चर्चमधील उत्कर्षाची वाट सोडून तो रोमला येशूसंघात, म्हणजे जेझुइट पंथात, दाखल झाला, प्रागमध्ये पुरोहित झाला आणि १५८० च्या जूनमध्ये जवाहिऱ्याच्या वेषात डोव्हरला उतरून कॅथलिक घराण्यांतून गुप्तपणे मिस्सा अर्पण करीत हिंडू लागला.

अशा पुरोहितांविषयी दरबारास वाटणारी भीती अगदीच निराधार होती असे नाही. १५७० मध्ये पोप पायस पाचवे यांनी राणीस बहिष्कृत करून प्रजेला तिच्या आज्ञेतून मुक्त केले होते. रोममध्ये काढलेल्या त्या फर्मानाची किंमत मात्र इंग्लंडातल्या पुरोहितांना मोजावी लागली.

१५८१ च्या जुलैत कँपियन पकडला गेला. टोपीवर 'फितुरी जेझुइट' अशी चिठ्ठी लावून त्याची लंडनमधून धिंड काढली गेली. टॉवरच्या कैदखान्यात ताणयंत्रावर त्याचे सांधे निखळेपर्यंत हाल झाले, आणि त्याच अवस्थेत, हाताशी पुस्तक नसताना, त्याला प्रोटेस्टंट पंडितांशी वादास उभे केले गेले. नोव्हेंबरात न्यायासनापुढे जबाब देताना प्रथेप्रमाणे हात वर करायचा होता. त्याचा हात उचलेना, तेव्हा शेजारच्या सहआरोपीने त्या हाताचे चुंबन घेतले, बाही सारली आणि तो जमेल तितका वर धरला. राणीस आपली कायदेशीर राज्यकर्ती मानणाऱ्या या माणसावर तिच्या जिवाविरुद्ध कट केल्याचा आरोप हेरांच्या जबान्यांवर शाबीत ठरला.

कृत्याचा पुरावा नसला म्हणजे सत्ता अंतःकरणाची झडती घेऊ लागते, आणि हा दोष कोणा एका पंथाचा नाही. कँपियनचाच समकालीन इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला; त्याचे मराठी ख्रिस्तपुराण आपण आदराने वाचतो. परंतु त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन मांडलेले होते आणि साष्टीतील देवळे नुकतीच जमीनदोस्त झालेली होती. कँपियनच्या संतपदाचा १९७० मध्ये झालेला गौरव मला मान्य आहे. तो करणाऱ्यांनी साष्टीची फिर्यादही दप्तरी दाखल करून घ्यावी, एवढेच म्हणणे आहे.

लंडनच्या दरबारास निदान लोकापवादाची धास्ती होती. धर्मविषयक नवा कडक कायदा हाताशी असूनही त्याने कँपियनवर दोन शतकांपूर्वीचा, तिसऱ्या एडवर्डच्या काळचा राजद्रोहाचा कायदा लावला. आणि खटला निर्विवाद असता, तर आम्ही कोणास धर्मासाठी मारलेले नाही हे युरोपास पटवण्याकरिता राणीचा मंत्री लॉर्ड बर्ली यास १५८३ मध्ये स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली नसती.