पैसा रुग्णाचा, हिशेबही रुग्णालाच

सरकारी मनोरुग्णालयातल्या रुग्णांच्या हाती पैसा देऊ नये, असं एका जाणत्या गृहस्थांनी नुकतंच ठासून मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रुग्णाला व्यवहार कळत नाही, पैसा हाती आला की तंबाखूत जातो, नाहीतर शेजारच्या खाटेवरचा हिसकावतो, जेवण, कपडे, औषध सरकार देतंच, मग पैसा हवा कशाला, आणि रुग्णालयाच्या ताब्यात तो सुरक्षित असतो.

व्यवहार कळत नाही हे ठरवलं कोणी? २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा कलम ३ मध्येच सांगतो की आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही. ते सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं. १८७२ चा करार कायदाही मानतो की एरवी ज्याचं मन थाऱ्यावर नसतं, तोही ते थाऱ्यावर असताना करार करू शकतो. तंबाखू खाणाऱ्या कारकुनाचा पगार कोणी अडवून ठेवत नाही. हिसकावण्यावर इलाज कुलपाचा कप्पा आहे. आणि ‘सगळं मिळतं’ म्हणजे दुसऱ्याने ठरवलेलं मिळतं.

पण ‘सुरक्षित’ या दाव्याची मला खरी चीड आहे. दाखल होताना अंगावरच्या वस्तूंची यादी होते, पाकिटावर नाव पडतं, रजिस्टरात नोंद होते, पाकीट कपाटात जातं. समजा, २०१० साली एक बाई दाखल झाली. लुगड्याच्या गाठीत पाचशेच्या दोन नोटा, थोडी चिल्लर, त्यात काही पावल्या. ३० जून २०११ ला पावली चलनातून गेली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेची नोट गेली आणि ३० डिसेंबरनंतर ती बँकेत भरायची सोयही संपली. सगळा देश रांगेत उभा होता तेव्हा तिच्या वतीने कोण उभं राहणार होतं? तिला कोणी सांगणार होतं का? कपाट फुटलं नाही, पाकीट हललं नाही, रजिस्टरात खाडाखोड नाही, आणि तिचे हजार रुपये मात्र संपले. बचत खात्यात असते तर वाचले असते, वर व्याज मिळालं असतं. ज्या सुरक्षिततेत मालकाला विचारायचंच नसतं, त्यात पैसा असाच बुडतो, आणि जाब द्यायला कोणी नसतं.

त्यात आता कायद्यातही एक पोकळी पडली आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेचं स्वतंत्र प्रकरण होतं. जिल्हा न्यायालय चौकशी करून व्यवस्थापक नेमू शकत होतं आणि त्याला मालमत्तेची यादी व वार्षिक हिशेब सादर करावा लागे. त्यात दोष होते. रुग्णाचा शब्द तिथेही फारसा मोजला जात नसे. २०१७ च्या कायद्याने ते प्रकरण गाळलं आणि जागा रिकामी ठेवली. आमचे गृहस्थ म्हणतात, कायदा गप्प आहे, तेव्हा अधीक्षकांनीच बघावं. कायदा गप्प असला म्हणून मालकी बदलते का? न्यायालयाने नेमलेल्यालाही हिशेब चुकत नव्हता. मग ज्याला कोणीच नेमलं नाही त्याला तो माफ कसा?

असाच विचार करणारी माणसं पूर्वी गणवेशासाठी भांडली आणि उवांचं कारण देऊन सक्तीच्या मुंडणासाठीही. स्वतःचे कपडे दिले तर वॉर्डात गोंधळ होईल, असं तेव्हा ऐकवलं जायचं. आज कलम २० म्हणतं की हवे तर स्वतःचे कपडे घालावेत, गणवेशाची आणि मुंडणाची सक्ती नको. त्याच कलमात कामाची सक्ती नको आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा, असंही आहे. व्यवसायोपचार विभागात पाकिटं चिकटवणाऱ्या, मेणबत्त्या करणाऱ्या माणसाला मोबदला द्यायचा आणि तो त्याच्या हाती पडू द्यायचा नाही, याला मोबदला कसं म्हणायचं?

नातेवाईक पैसे लाटतात, हा या गृहस्थांचा आणखी एक आक्षेप मात्र खरा आहे. वडिलांमागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन पालकाच्या नावाने निघतं आणि ज्याच्यासाठी ते असतं त्याला त्याचा पत्ता नसतो, हेही घडतं. पण त्यासाठी नातेवाइकाला जाब विचारा, रुग्णाच्या हातातली चिल्लर काढून घेऊ नका.

मग करायचं काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क मान्य केला आहे, तिथून सुरुवात करावी. प्रत्येकाच्या नावाने बँक खातं, पासबुक त्याच्याजवळ. आठवड्याची थोडी रोकड हातात. तिचा चहा घ्यावा की बिस्किटाचा पुडा, ते त्याने ठरवावं, दुकानदाराकडून सुटे परत मोजून घ्यावेत. ज्याला मदत लागते त्याने मदतनीस स्वतः निवडावा. वॉर्डातल्या एकट्या परिचारिकेवर किंवा लेखनिकावर ही जबाबदारी पडू नये. दोन सह्यांशिवाय रक्कम निघू नये. तक्रार असेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करायला रुग्णालयानेच कागद द्यावा. आणि घरी जाताना औषधांच्या चिठ्ठीसोबत हिशेबाचा कागद मिळावा: किती जमा झाले, किती खर्चले, कोणाच्या सहीने.