विकाऊ ते आणि निःस्पृह आम्ही

आमच्या घरी दर रविवारी सायंकाळी पाचसहा स्नेही जमतात. सारे पदवीधर, बहुतेक अध्यापक, एक वकील, एक निवृत्त बँक अधिकारी. आणि सारेच स्वतःस पुरोगामी म्हणविणारे. 2024 च्या 4 जूनला लोकसभेचा निकाल लागला. भारतीय जनता पक्षास 240 जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताचा 272 हा आकडा त्यास एकट्याच्या बळावर गाठता आला नाही. महाराष्ट्रात तर 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीकडे गेल्या. त्या आठवड्याच्या बैठकीत आम्ही पेढे वाटले. आपली जनता निरक्षर असली तरी तिची राजकीय जाण कशी अचूक आहे, यावर एका स्नेह्याने असे रसाळ विवेचन केले की ऐकणाऱ्यास गहिवर यावा. पुढे 23 नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. महायुतीच्या तीन पक्षांस 288 पैकी 230 जागा; आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांस मिळून 46. पुन्हा बैठक भरली. या वेळी पेढे नव्हते. त्याच स्नेह्याने त्याच खुर्चीवरून सांगितले की जनता विकली गेली, दरमहा दीड हजार रुपयांस. आम्ही सर्वांनी माना डोलाविल्या.

या दोन बैठकींमध्ये साडेपाच महिन्यांचे अंतर होते. एवढ्या अवधीत कोट्यवधी माणसांचा विवेक असा समूळ नष्ट होतो काय, हा प्रश्न त्या दिवशी आमच्यापैकी एकासही सुचला नाही. तो सुचविला आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी. चहा आणून ठेवताना आमचे बोलणे त्यांच्या कानी पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, "सर, साडेसात हजार आले माझ्या खात्यात. कानातलं गहाण होतं ते सोडवलं. पण मत कुणाला टाकलं ते मी घरच्या माणसाला नाही सांगितलं. तुम्हांला कुठनं कळलं?"

वाचकहो, गुप्त मतदानाच्या तत्त्वावर आम्ही अठ्ठावीस वर्षे व्याख्याने देत आलो आहो. इतक्या थोड्या शब्दांत ते आम्हांस कधी सांगता आले नाही.

'लाडकी बहीण' योजना 2024 च्या जुलैपासून लागू झाली. जिच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अशा स्त्रीस दरमहा 1500 रुपये. निवडणुकीच्या तोंडावर ती आणण्यात सरकारचा हेतू केवळ भूतदयेचा होता असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. तिजोरीस हा भार किती काळ पेलेल, तो पेलताना कोणत्या कामांना कात्री लागेल, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. परंतु ज्या आघाडीच्या पराभवाने आमच्या बैठकीवर सुतकी कळा आली, तिच्या जाहीरनाम्यात दरमहा 3000 रुपयांचे आश्वासन होते, हे आम्ही कसे विसरलो? दीड हजारास मत विकले जाते, तर तीन हजारांस काय दान मिळते?

आणि आता जरा आमच्याकडे वळू. 2025 च्या जानेवारीत केंद्र सरकारने आठवा वेतन आयोग नेमण्याचे ठरविले. 1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न नव्या करपद्धतीत करमुक्त केले. दिल्लीत मतदान होते 5 फेब्रुवारीस. पुढे तेथे भारतीय जनता पक्षास 70 पैकी 48 जागा मिळाल्या. परंतु दिल्लीचा कारकून आणि प्राध्यापक करसवलतीस विकला गेला, असे आमच्या बैठकीत कोणी बोलले नाही. उलट आमच्या बँकेच्या मित्राने कागद-पेन्सिल घेऊन कोणाचे किती वाचतील याचा हिशेब मांडून दिला, व आम्ही तो उत्सुकतेने पाहिला. स्वतःस मिळते तो हक्क आणि मोलकरणीस मिळते ती रेवडी, असा आमचा शब्दकोश आहे. 2023 च्या मार्चमध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी या राज्यात शिक्षकांनी व सरकारी नोकरांनी संप केला, तेव्हा आम्ही त्यास मनापासून पाठिंबा दिला होता. तो आजही आहे. तिजोरीवरील भाराची आठवण मात्र तेव्हा आम्हांस झाली नव्हती.

कोणी म्हणेल, मग या देशाच्या राजकारणात विकले जाणे नाहीच काय? आहे, आणि घाऊक प्रमाणात आहे. 2018 पासून निवडणूक रोख्यांच्या मार्गाने राजकीय पक्षांकडे सोळा हजार कोटींहून अधिक रुपये गेले. देणारा कोण आणि कशासाठी देतो, हे मतदारास कळू नये अशीच त्या योजनेची रचना होती. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ती 15 फेब्रुवारी 2024 ला घटनाबाह्य ठरविली. 2022 च्या जूनमध्ये आमचे आमदार सुरतेस गेले, तेथून गुवाहाटीस. 2023 च्या जुलैत दुसरा पक्ष दुभंगला. त्यांस काय मिळाले हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु ज्या चिन्हावर लोकांनी मत दिले त्याचा सौदा करताना लोकांस कोणी विचारले नाही, एवढे खास. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 पासून आहे. इतके असून आमच्या संतापाचे सारे धन आम्ही खर्चतो ते कानातले सोडविणाऱ्या बाईवर! मतदारयाद्यांविषयी ज्या तक्रारी झाल्या, त्यांचीही कसून तपासणी झालीच पाहिजे. परंतु यादीत घोळ झाला असे म्हणणे निराळे आणि मतदारच नालायक म्हणणे निराळे. आमच्या बैठकीत ही दोन्ही विधाने एका श्वासात केली जातात.

हा तिरस्कार नवा नव्हे. त्यास भारदस्त परंपरा आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांच्यासारख्या उदारमतवाद्यानेही 1861 च्या आपल्या ग्रंथात सुशिक्षितांस एकाहून अधिक मते असावीत असे सुचविले. ते प्रकरण शिकविताना वर्गातील मुले हसतात आणि आम्हीही हसतो. रविवारी मात्र आम्ही सारे मिलचे शिष्य होतो. 1937 च्या प्रांतिक निवडणुकांत मताचा अधिकार सुमारे तीन कोटींनाच होता, कारण मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या कसोट्या होत्या. मताधिकार वाढवा, असे 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे सांगणारे डॉ. आंबेडकर यांस या कसोट्यांमागे काय दडले आहे हे पक्के ठाऊक होते. 1951-52 मध्ये 17 कोटींहून अधिक लोक मतदार झाले, तेव्हा देशात साक्षर होते शेकडा 18. त्याही यादीतून सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे गळली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. त्यांच्याच नातींच्या हाती आज स्वतःच्या नावाचे बँकेचे पुस्तक आहे.

1977 चे उदाहरण तर आमच्या पिढीने वडिलांच्या तोंडून ऐकले आहे. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावतात म्हणून समाधान मानणारा वर्ग कोणता होता? दुर्गाबाई भागवतांसारखी माणसे मोजकीच. मतपेटी उघडली तेव्हा उत्तर प्रदेशात 85 पैकी आणि बिहारात 54 पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. ज्या प्रांतांना आपण मागासलेले म्हणून नाके मुरडतो, ते हे. सर्वांत साक्षर केरळात मात्र वीसच्या वीस जागा काँग्रेस आघाडीकडे गेल्या. त्यास कारणे होती, नसबंदीचा जुलूम उत्तरेत अधिक झाला होता. म्हणून केरळीयांस दोष देण्याचे कारण नाही. एवढेच दिसते की मनुष्य आपल्या अंगावर आलेल्या अनुभवावरून मत देतो, आणि त्यास पदवी लागत नाही.

आमच्या स्वतःच्या नागरिकत्वाचा हिशेबही मांडू. 2024 च्या लोकसभेस गडचिरोली-चिमूर मतदारसंघात शेकडा 71 हून अधिक मतदान झाले. आमच्या विद्येच्या माहेरघरात, पुण्यात, जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक. 13 मे हा सोमवार होता. शनिवार-रविवारास जोडून सुट्टी आली. पुणे महापालिकेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. त्याविरुद्ध आमच्यापैकी कोणी रस्त्यावर उतरल्याचे आम्हांस आठवत नाही. परंतु दुसऱ्यांची उणी काढताना आमचे स्वतःचे झाकून ठेवणे बरे नव्हे. 2009 मध्ये आम्ही घर बदलले होते. नव्या पत्त्यावर नाव घालण्यासाठी अर्ज भरावयाचा, तो आज भरू उद्या भरू करता राहिला, आणि मतदानाच्या दिवशी आम्ही वर्तमानपत्र वाचीत घरी बसलो. वर सरकारी यंत्रणेस चार शब्द सुनावलेही. बाई त्या वर्षी मतासाठी एस. टी. ने गावी गेल्या होत्या, आणि त्या दिवसाची त्यांची खाडी आमच्या घरातून कापली गेली होती.

हे त्यांनीच परवा सहज बोलता बोलता सांगितले. आम्हांस त्याची दादही नव्हती. मग आम्ही पत्नीस विचारले की बाईंना आपण दरमहा किती देतो. दीड हजारांची चेष्टा करणाऱ्या माणसाने तो आकडा येथे द्यावयास हवा होता. परंतु आमची लेखणी धजत नाही.