शब्दांची जमाबंदी
इ. स. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तेथील दरबारात व न्यायालयांत जी फ्रेंच भाषा कित्येक शतके नांदली, तिचा कोश रचणाऱ्या विद्वानांनी ‘गोळा करणे’ अशा साध्या अर्थाच्या क्रियापदाचीही एकेक छटा जुन्या दप्तरांतील वाक्ये पुढे ठेवून निश्चित केली. तितकेच अगत्य आपल्या ‘जमा’ला लाभावयास हवे. राज्यकर्त्यांच्या भाषेतून आलेला हा शब्द प्रथम महसुलात जमाबंदी व जमाखर्च होऊन बसला, चावडीवर त्याचा जमाव झाला, आणि अखेर तो घरात असा मुरला की मुलीचे लग्न जमते आणि सुनेला भाकरीही जमते.

माधव जूलियन यांच्या 1925 च्या फारसी-मराठी कोशाने अशा शब्दांचे मूळ दाखविले, हे त्यांचे मोठेच ऋण होय. परंतु 1884 पासून उर्दूत कारभार करणाऱ्या हैदराबाद संस्थानात, जेथे जिल्ह्याच्या कलेक्टरास अव्वल तालुकदार म्हणत, तेथे हे शब्द गावोगाव कोणत्या अर्थाने चालले, याचा शोध स्वतंत्रपणेच घ्यावा लागेल. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची वाण सर्वांनाच जाणवली.

दप्तरातील शब्द निदान कागदावर तरी आहेत. शिवारातल्या शब्दांना तोही आधार नाही. लातूरकडे कापलेले सोयाबीन मळणीयंत्र येईपर्यंत एका जागी रचून, परतीच्या पावसाच्या धास्तीने वर ताडपत्री ओढून ठेवतात, ती बनीम. ज्वारी काढल्यावर रानात गळून राहिलेली कणसे बाया वेचतात, तो सरवा. खळ्यावर पडते ती रास, आणि जमिनीच्या पोटात धान्य साठवावयाचे ते पेव. पेव आता कोणी खणत नाही, आणि हार्वेस्टर फिरलेल्या रानात सरवा वेचणारी बाईही क्वचितच दिसते. वस्तू गेली की तिचा शब्द एका पिढीपुरताच उरतो, आणि ती पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे.

म्हणून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने लातूर व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतील शब्दांच्या कोशाचे काम विनाविलंब हाती घ्यावे, एक पथक अभिलेख कक्षात बसवावे, दुसरे सुगीच्या दिवसांत खळ्यावर पाठवावे, आणि प्रत्येक शब्दाखाली तो कोणत्या गावी, कोणत्या वाक्यात ऐकला, हे नमूद करावे.