ॲक्सिस कोण तपासणार?

गेल्या दोन अंकांच्या टपालात एकच गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा आले आहे, आणि त्यातली बरीच पत्रे पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली याच पट्ट्यातली आहेत. ग्राहक टॉरिक लेन्स ऑनलाइन मागवतो, नीट दिसत नाही म्हणून बॉक्स घेऊन आपल्या दुकानात येतो आणि म्हणतो, "जरा बघून द्या ना, काय झालंय ते." तपासणीचे पैसे सांगितले की म्हणतो, "नुसतं बघायचे पैसे?"

एका वाचकाने पाठवलेला तपशील पाहा. तळोज्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा तरुण, दुचाकीवरून ये-जा. चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना −१.५०/−१.२५×१८०, आणि बॉक्सवरही नेमके तेच. कागदावर चूक शोधून सापडणार नाही. पण समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांना रात्री शेपट्या फुटतात अशी त्याची तक्रार. स्लिट लॅम्पखाली उजव्या लेन्सची सहाच्या जागेवरची खूण तपासणाऱ्याच्या डावीकडे २० अंश सरकलेली होती, आणि पापण्यांची उघडझाप झाली तरी तिथेच स्थिर. म्हणजे लेन्सचे डिझाइन वाईट नव्हते, त्या डोळ्यावर ती तशीच बसणार होती. आधी ट्रायल झाली असती, तर ×२० ची लेन्स मागवून प्रश्न तिथेच मिटला असता. त्याऐवजी सव्वा डायॉप्टरच्या सिलिंडरातला पाऊण डायॉप्टरहून अधिक भाग तो डोळ्यात तसाच वागवत महिनाभर गाडी चालवत होता.

हिशेब आपल्या सगळ्यांना पाठ असायला हवा. लेन्स १० अंश फिरली की सिलिंडरचा साधारण तिसरा हिस्सा परत येतो. ३० अंशांना सगळा सिलिंडर परत, म्हणजे टॉरिकचे पैसे पाण्यात. मग ॲक्सिस तपासण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

सरकारला विचारले तर उत्तर तयार आहे. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आली, त्यात कॉन्टॅक्ट लेन्सही आली. पुढे ३० सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीने विक्रेत्यासाठी एमडी-४१ चा अर्ज आणि एमडी-४२ चे नोंदणी प्रमाणपत्र आले. इथवर तक्रार नाही, शिस्त हवीच होती. पण दुकानात जो 'सक्षम तांत्रिक माणूस' असायला हवा, त्याची अट वाचा. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, किंवा नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा बारावी आणि उपकरणे विकण्याचा एक वर्षाचा अनुभव. पदवी कशातली, ते नियम विचारत नाही. इतिहासात बी. ए. झालेला माणूस −२.२५ ची टॉरिक विकायला सक्षम. बारावीनंतर ऑप्टोमेट्रीचा डिप्लोमा करून काल बाहेर पडलेली मुलगी मात्र आधी एक वर्ष विक्रीचा अनुभव दाखवणार! स्लिट लॅम्प, केराटोमीटर, ट्रायल सेट यांचा नियमात शब्दही नाही. साठवणुकीची जागा, तापमान, खरेदी-विक्रीच्या नोंदी, बॅच नंबर यांचा आहे. वाचक लिहितात की तपासणीला आलेले साहेब वहीतले बॅच नंबर बोट ठेवून जुळवून पाहतात आणि निघतात. लेन्स डोळ्यावर कशी बसते हे बघायला दुकानात काय आहे, हा प्रश्न त्यांनी विचारल्याचे एकाही पत्रात नाही. त्यांचा तरी काय दोष, त्यांच्या तक्त्यात तो रकाना नाही.

२०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा केंद्रीय कायदा झाला, त्यात ऑप्टोमेट्रिस्टचे नाव स्पष्ट आहे. एक कायदा म्हणतो हा आरोग्य व्यावसायिक आहे, दुसरा नियम म्हणतो लेन्स विकायला त्याची गरज नाही. दोन्ही कागद एकाच केंद्रीय आरोग्य मंत्रालयातून निघालेले.

आता आपल्याकडे वळतो, कारण सगळे खापर दिल्लीवर फोडून झोप लागणार नाही. ऑनलाइनवाल्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या पत्रांतली निम्मी पत्रे अशा दुकानांतून येतात जिथे स्लिट लॅम्पच नाही. तिथेही टॉरिक चष्म्याच्या नंबरवरूनच जाते, फरक इतकाच की बॉक्स कुरिअरने न येता काउंटरवरून दिला जातो. २२ सप्टेंबर २०२५ ला लेन्सवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा जुन्या स्टॉकच्या एमआरपीवर स्टिकर लावायचे की नाही यावर आपल्या बैठका रात्री उशिरापर्यंत चालल्या. टॉरिकच्या ट्रायलवर अशी एक बैठक झाल्याचे आठवत नाही.

चष्म्याचा नंबर लेन्सवर जसाच्या तसा उतरवण्याची खोड तर जुन्या, नावाजलेल्या दुकानांतही आहे. समजा चष्मा −६.००/−२.२५×१८०. कंपनीच्या यादीत −२.२५ चा सिलिंडर मिळतो, म्हणून तो मागवला जातो. आता १२ मिलिमीटरचे व्हर्टेक्स धरा. −६.०० चे −५.६० होतात, दुसऱ्या मेरिडियनमधले −८.२५ चे −७.५०. सिलिंडर उरतो सुमारे −१.९०. यादीत −१.७५ आहे, तोच द्यायचा. दोन्ही मेरिडियन वेगवेगळे हिशेबात घ्यायचे हे कॉलेजात शिकवतात. पनवेलमध्ये लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटसारखी संस्था आहे, ऑप्टोमेट्रीचे कॉलेज आहे, तिथून मुले शिकून बाहेर पडतात. ती आपल्याकडे नोकरीला लागली की आपण त्यांना फ्रेम पुसायला बसवतो.

हॉस्पिटलच्या कागदावर प्लस सिलिंडर आला तर ट्रान्सपोझ न करता ॲक्सिस उचलणारे, ०.७५ पासून १.५० पर्यंत सगळ्यांना स्फेरिकल इक्विव्हॅलंटवर भागवणारे, 'जरा जाड लेन्स देतो, सिलिंडर झाकला जाईल' म्हणणारे, यांच्याबद्दल अधिक लिहीत नाही. सॉफ्ट लेन्स कॉर्नियाचाच आकार घेते, हे त्यांनाही माहीत आहे.

एक गोष्ट मात्र थांबून सांगायची आहे. ज्याचा ॲक्सिस दर सहा महिन्यांनी बदलतो, ओव्हर-रिफ्रॅक्शन करूनही ६/६ येत नाही, रेटिनोस्कोपीत कात्रीसारखी हलणारी झाक दिसते, जो सारखे डोळे चोळतो, त्याला टॉरिक देऊ नका. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी'त तिशीपुढच्या लोकांमध्ये ४८ डायॉप्टर वा त्याहून अधिक वक्रतेच्या निकषावर केराटोकोनस २.३ टक्के आढळला होता. निकषावर वाद घालता येईल, पण आपल्या काउंटरवर असे पेशंट येतात यात वाद नाही. त्यांना टोपोग्राफीसाठी पाठवा. एक विक्री जाईल, पण वेळेवर निदान झाले तर क्रॉसलिंकिंगचा मार्ग खुला राहतो. ऑनलाइनच्या फॉर्ममध्ये सिलिंडर आणि ॲक्सिसचे रकाने आहेत, पण कात्रीसारखी झाक कोणत्याही रकान्यात भरता येत नाही. आपली गरज तिथेच आहे, आणि ती आपण सिद्ध करत नाही.

वितरकांनाही दोन शब्द. स्फेरिकलचे ट्रायल खोक्याने देता, टॉरिकचे मागितले की 'आधी ऑर्डरची हमी द्या'. ९० आणि १८० च्या आसपासचे ट्रायल कसेबसे मिळतात, तिरक्या ॲक्सिसला आठवडे लागतात. पेशंट तोवर थांबत नाही, तो मोबाइल काढतो. टॉरिकचा ट्रायल सेट न देणाऱ्या कंपनीची टॉरिक आपण का विकावी? हा प्रश्न चार दुकानांनी एकत्र विचारला तर उत्तर मिळेल, एकट्याने विचारला तर मिळणार नाही.

तेव्हा आता हे करा. टॉरिक ट्रायलशिवाय द्यायची नाही, मग पेशंट कितीही घाईत असो. लेन्स घालून १५-२० मिनिटे बसवा, मग खूण बघा. आपल्या डावीकडे गेली तर मिळवा, उजवीकडे गेली तर वजा करा. दर उघडझापेला इकडून तिकडे हिंदकळत असेल तर गणित करू नका, डिझाइन बदला. तपासणीची फी वेगळी लावा आणि भिंतीवर लिहून ठेवा. लेन्सचा नंबर चष्म्याच्या कागदावर न खरडता वेगळ्या कागदावर द्या: ब्रँड, बेस कर्व्ह, व्यास, पॉवर, सिलिंडर, ॲक्सिस. कुणी त्या कागदावर बाहेरून लेन्स घेतली तर घेऊ दे, फी आपल्याला मिळालेली असते.

आणि आमच्यासाठी एक काम. बाहेरून आणलेल्या टॉरिक बॉक्सची जी प्रत्येक केस तुमच्याकडे येईल, तिची नोंद करा. चष्म्याचा नंबर, बॉक्सवरचा नंबर, किती अंश आणि कोणत्या बाजूला फिरलेली, लेन्सवरची आणि चष्म्यावरची दृष्टी, एवढे पाच रकाने पुरेत. कॉन्टॅक्ट लेन्स विकणाऱ्या दुकानासाठी तांत्रिक माणूस ऑप्टोमेट्रिस्टच असावा आणि तिथे स्लिट लॅम्प असावा, या मागणीचे निवेदन राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला आणि केंद्राच्या औषध नियंत्रकांना द्यायचे आहे. नुसत्या तक्रारींचे गठ्ठे तिथे कोणी उघडत नाही, त्यासोबत नोंदी लागतील. पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत पाठवा. दुकानाचे नाव छापले जाणार नाही, आणि पेशंटचे नाव तर पाठवूच नका.