आफ्रिकन व्हायोलेटची माती

आफ्रिकन व्हायोलेटची पाने मलूल दिसली की हात आधी पाण्याकडे जातो. भगिनींनो, आम्ही सांगतो, आधी मातीत बोट घालून पाहा. माती ओली असूनही पाने लोंबत असतील, तर बहुधा मुळे कुजत आहेत. आणखी पाणी घातले तर रोप हातचे जाईल.

हे रोप मूळचे टांझानिया-केनियाच्या डोंगरांतले. तिथे ते सावलीत, खडकांच्या शेवाळलेल्या फटींत वाढते. त्याची मुळे बारीक आणि उथळ. आपल्या चिकट काळ्या मातीत ती गुदमरतात. म्हणून कोकोपीट, परलाइट आणि व्हर्मिक्युलाइट समप्रमाणात घ्यावे. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुवावे, म्हणजे त्यातले क्षार निघून जातात. कुंडी लहानच बरी: पानांचा घेर ९ इंच असेल, तर ३ इंची पुरते.

वरचा थर सुकला की कुंडी पाण्याच्या बशीत अर्धा तास ठेवावी, उरलेले पाणी ओतून द्यावे. पानांवर गार पाणी पडू देऊ नये, डाग पडतात. जागा पूर्वेच्या खिडकीची. मिश्रणात पोषण नसते, म्हणून पंधरा दिवसांनी अगदी पातळ द्रवखत द्यावे.

मुळे कुजलीच, तरी निराश होऊ नका. एक निरोगी पान देठासह कापून ओलसर मिश्रणात खोचा. दोन-तीन महिन्यांत देठाशी नवी रोपे दिसतील.